बाईकसाठी रेनकोट कोणता घ्यावा? (कोथरूड–हिंजवडी रोज, अधूनमधून चिपळूण)

रोजचा_वारकरी
लोकहो, गेल्या वर्षीपर्यंत कंपनीची बस होती, ती बंद झाली. आता १५० सीसीची बाईक आणि कोथरूड ते हिंजवडी. शिवाय सासुरवाडी चिपळूण, त्यामुळे गणपतीत आणि त्याआधी एखाद-दुसऱ्या वेळी घाट उतरावा लागणार. पाठीवर लॅपटॉपची बॅग असते. चश्मा आहे.

दुकानात गेलो तर पाचशेपासून वीस हजारांपर्यंत सगळं दिसलं. एकावर ५,००० लिहिलंय, दुसऱ्यावर १०,०००, आणि दुकानदार प्रत्येक पीसला “शंभर टक्के वॉटरप्रूफ” म्हणतो. रायडिंग जॅकेट आहे, जाळीचं, आत पॅड असलेलं. त्याला आत लावायचं रेन लायनर घ्यावं की वरून घालायचा रेनसूट? बजेट चार-पाच हजार, फार तर सहा. मृग लागायच्या आत ठरवायचंय.

जुनी_बुलेट
वरून घालायचा. टू-पीस, म्हणजे जॅकेट वेगळं, पँट वेगळी. प्रश्न संपला.

आगंतुक
कार घ्या.

रोजचा_वारकरी
@आगंतुक, वाकड पुलावर दीड तास कारमध्ये बसण्यापेक्षा भिजलेलं परवडलं.

कापडचोपड
माझं पोट कापडाच्या कोटिंगवर चालतं, म्हणून जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर खालच्या प्रतिसादावर उडी मारा.

तो ५,००० किंवा १०,००० चा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये मोजलेला पाण्याचा स्तंभ. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि पलीकडे थेंब दिसायला लागले की आकडा लिहून घेतात. १०,००० म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब सोसलेलं कापड. ऐकायला भारी वाटतं. आता बाईकवर हा दाब येतो कुठून ते बघू.

लोकांना वाटतं, वाऱ्यामुळे. हिशेब करा. ताशी ८० च्या वेगाला समोरच्या हवेचा दाब भरतो पाण्याच्या जेमतेम ३० मिलिमीटरएवढा. पाचशेचा रेनकोटही तो सहज झेलेल. मोठा थेंब सेकंदाला साधारण नऊ मीटर, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरने खाली येतो. तुम्ही ६० ने चाललात तर तो वरून पडण्याच्या दुप्पट वेगाने समोरून येतो. म्हणून बाईकवाल्याचे खांदे कमी आणि छाती-मांड्या जास्त भिजतात. पण थेंबाचा हा मार क्षणभराचा असतो. सतत दाब राहतो तो बुडाखाली. ७५ किलोचा माणूस हजारेक चौरस सेंटिमीटर सीटवर बसला तर सरासरी दाब ७५० मिलिमीटर पाण्याएवढा होतो. बसायच्या हाडांखाली त्याच्या कित्येक पट, आणि खड्ड्यात आपटलात की आणखी वर. सीटवर पाण्याचं तळं साचलेलं असतंच. म्हणून पँटच्या कापडाला १०,००० मागा. जॅकेटला ५,००० असलं तरी अडत नाही. दुकानात नेमकं उलटं विकतात: जॅकेटची जाहिरात करायची आणि पँट “सोबत फ्री” द्यायची.

दुसरं म्हणजे बहुतेक वेळा पाणी कापडातून येत नाही, शिवणीतून येतं. सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे एक भोक. त्यावर आतून उष्णतेने टेप चिकटवलेली असली पाहिजे. रेनकोट उलटा करून बघा. प्रत्येक शिवणीवर बोटाएवढी, गुळगुळीत, पारदर्शक किंवा राखाडी पट्टी सलग दिसते का? खांद्यावर दाखवायला टेप लावतात आणि जांघेत, कॉलरच्या जोडावर, खिशाच्या मागे गाळतात. जिथे चार शिवणी एकत्र येतात ती जागा नखाने हलकेच खरवडून बघा. टेप उचकटली तर तो पीस परत ठेवा.

जुनी_बुलेट
जांघेत शिवणच नको. काही पँटींना मधे चौकोनी तुकडा जोडलेला असतो, शिवणी बाजूला नेलेल्या असतात. तीच घ्यायची. पावसाळ्यात ऑफिसला पोचल्यावर पँटीच्या पुढच्या डागाचा खुलासा ज्याने केलाय त्याला कळेल.

मुठाकाठ
+१. घरी आणल्यावर एक सोपी परीक्षा: पँट उलटी करायची, बादलीवर जांघेचा भाग झोळी करून धरायचा, त्यात दोन तांबे पाणी ओतायचं आणि पाचेक मिनिटं थांबायचं. खालून थेंब पडला तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठायचं. जूनमध्ये बदलून देतात. जुलैत तोच दुकानदार ओळख दाखवत नाही.

करूळचा_पोरगा
भावा, पुण्याचा पाऊस आणि घाटातला पाऊस एका मापात मोजू नकोस. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, महाबळेश्वराला साडेपाच हजारांच्या वर. आमच्या गगनबावड्याला येऊन बघ, पाऊस वरनं पडत नाही, दरीतनं वर येतो. करूळ घाटात वारं खालनं सुटलं की जॅकेटच्या घेरातनं पाणी पोटाला लागतं. त्यामुळं जॅकेट लांब पाहिजे, बुडाच्या खाली येणारं, आणि घेराला आवळायची दोरी पाहिजे. पँट कमरेवर नको, पोटाच्या वर चढणारी पाहिजे. गॅलसची, म्हंजे खांद्यावरनं पट्टे असलेली, मिळाली तर लैच भारी. कुणी हसलं तर हसू दे, ते भिजत्यात आपण न्हाई.

आणि एक. मनगट. हात हँडलवर पुढं गेलं की बाही वर सरकत्या. दुकानात उभं राहून घालून बघू नकोस, गाडीवर बसून बघ. गुडघा वाकवला की पँट चांगली तीन-चार इंच वर चढती आणि बुटाचं तोंड उघडं पडतं. माप एक नंबर मोठंच घे.

टुलिपवाला
मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो, रोज मोटरसायकलने ऑफिस. इथे पाऊस म्हणजे रोजचंच. रेनसूटचे लाड मी सोडले आणि मेम्ब्रेनवालं, म्हणजे कापडाला आतून बारीक छिद्रांचा पातळ पडदा असलेलं, गोअर-टेक्सचं जॅकेट घेतलं. गोअर-टेक्सचं तंत्र १९६९ मध्ये बॉब गोअरने टेफ्लॉनच्या कुळातलं प्लास्टिक झटक्यात ताणून शोधलं. त्यात इतकी बारीक छिद्रं असतात की घामाची वाफ बाहेर जाते आणि पाण्याचा थेंब आत येत नाही. एकदाच पैसे घाला, वर्षानुवर्षं चालतं. रस्त्याच्या कडेला एका पायावर नाचत पँट चढवायची कटकट नाही. सहा हजारांचे चार-पाच सूट फाडण्यापेक्षा वीस हजारांचं एक जॅकेट स्वस्त पडतं.

जुनी_बुलेट
आइंडहोवनमध्ये कुंभार्ली घाट आहे का?

टुलिपवाला
चढ शोधायला बेल्जियमला जावं लागतं :) पण पाणी पाणीच असतं की हो.

कापडचोपड
@टुलिपवाला, पाणी तेच, हवा वेगळी. तुमचं जॅकेट उत्तमच असणार, पण ते वाफेच्या दाबातल्या फरकावर चालतं. अंगालगतची हवा ३४ अंशांची आणि घामाने भरलेली. तिथे वाफेचा दाब साधारण ५.३ किलोपास्कल. तुमच्याकडे बाहेर १० अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर बाहेरचा दाब १ किलोपास्कल. फरक ४.३. वाफ धावत बाहेर जाते. जुलैत चिपळूणला २६ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असते, बाहेरचा दाब ३.२. फरक उरतो २.१. म्हणजे तेच जॅकेट, तेच मेम्ब्रेन, आणि काम निम्मं. त्यात वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर जुना झाला की ते कापड भिजून राहतं आणि वाफेची वाट आणखी अडते. मग माणूस म्हणतो “जॅकेट गळतंय”. गळत नसतं. तो स्वतःच्या घामाने भिजलेला असतो.

म्हणून कोकण-घाटासाठी श्वास घेणाऱ्या कापडाचे जास्तीचे दहा-बारा हजार मोजायला माझा विरोध आहे. त्याऐवजी काखेत चेन, पाठीवर झडपेखाली जाळी, आणि ढगळ माप. हवा कापडातून जायची वाट बघू नका, भोकातून जाऊ द्या. लेह-लडाखला, हिवाळी टूरला किंवा युरोपात राहायचं असेल तर गणित उलटं आहे, तिथे टुलिपवाल्यांचंच बरोबर.

टुलिपवाला
आर्द्रतेचा मुद्दा मान्य. मागच्या ऑगस्टमध्ये तेच जॅकेट घेऊन रत्नागिरीला आलो होतो तेव्हा शर्ट पिळावा लागला होता खरा. पण एक सोडणार नाही: तुमचा रेनसूट घसरलात तर काहीच वाचवत नाही. टाकाऊ पिशवी आहे ती.

कापडचोपड
शंभर टक्के. म्हणून तर वरून. आत पॅडचं जॅकेट राहू दे. नुसत्या टी-शर्टवर रेनकोट घालून हायवेला जाणाऱ्यांसाठी हा धागा नाहीच.

रोजचा_वारकरी
बापरे, एवढ्यात इतके प्रतिसाद. धन्यवाद सगळ्यांना.

लायनरचं कुणी नीट सांगा ना. माझ्या जॅकेटच्या कंपनीचं लायनर स्वस्तात मिळतंय. घडी छोटी होते, वर दिसत नाही.

नऊवारी_ते_नव्वद
मी दोन्ही वापरलंय. लायनर आत असतं, म्हणजे बाहेरचं जॅकेट मनसोक्त भिजतं. ते पाणी पितं आणि जड होतं, खिशातलं पाकीट-फोन भिजतात, वाऱ्याने ओलं जॅकेट गार पडतं आणि थंडी आतपर्यंत जाते. संध्याकाळी ऑफिसमधून निघताना तेच ओलं जॅकेट परत अंगात. शिवाय पाऊस आला की भर रस्त्यात जॅकेट काढायचं, आत लायनर लावायचं, मग परत घालायचं. तोवर जे भिजायचं ते भिजून झालेलं असतं. वरचा सूट दोन मिनिटांत चढतो.

लायनरचा एकच फायदा मला पटला: उंचावर थंडी असेल तेव्हा ते वारा अडवतं. पुण्यात त्याची गरज नाही.

आता बायकांसाठी थोडं, कारण इथे सगळे पुरुषच मापं सांगताहेत. दुकानात “लेडीज रेनकोट” म्हणून जे मिळतं ते बहुतेक गुलाबी किंवा फुलाफुलांचं, स्कूटरवर बसायचं म्हणून बेतलेलं, पुढून बटणांचं आणि गुडघ्यापर्यंत. मोटरसायकलवर पाय टाकला की ते मधोमध उघडतं आणि सगळं पाणी मांडीवर. टू-पीसमध्ये पुरुषांचं एक्सएस किंवा एस घ्या, पण नितंबांवर बसतं का ते बघा, कारण पँटी सरळ कापलेल्या असतात. सलवारवर पँट घालत असाल तर सलवारचा घेर आधी मोज्यात खोचा. ओढणी बॅगेत. गळ्यात नको, जॅकेटच्या आतही नको.

आणि कृपा करून कुणीही, बाई असो वा बुवा, पोंचो (डोक्यातून घालायचा, बाजूंनी मोकळा रेनकोट) घालून बाईक चालवू नका. मागचं टोक चेनमध्ये किंवा चाकात जायला क्षण लागत नाही. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी मागच्या चाकाच्या किमान निम्म्या भागावर आच्छादन हवं असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये सांगितलंय. ते साडीगार्ड “लूक” जातो म्हणून काढून टाकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

मुठाकाठ
पोंचोबद्दल टाळ्या. सिंहगड रोडला दर पावसात एक तरी सुपरमॅन दिसतो.

औषधवाला
मी सिंधुदुर्गात एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. कणकवली, सावंतवाडी, आंबोली, दोडामार्ग हे माझं क्षेत्र. डॉक्टरसमोर कोरड्या शर्टात उभं राहायचं ही नोकरीची अट, तेव्हा या विषयात माझाही थोडा अधिकार.

दोन सूट ठेवा. दोन्ही महागडे नकोत. आमच्या हवेत काल भिजलेला सूट आज सकाळी वाळलेला नसतो. आतून ओलसर सूट अंगात चढवायचा आणि वर “वॉटरप्रूफ नाही” म्हणून ओरडायचं, हे बरंच चालतं. दीड-दोन हजारांचे दोन चांगले देशी सूट आलटून पालटून वापरले तर दोन्ही टिकतात.

पायाचं कुणी बोललं नाही अजून. बुटांवरून घालायचे ते प्लास्टिकचे कव्हर घेऊ नका. गिअरच्या दांड्यावर घासून आठवड्यात बोटाशी फाटतात, आणि तळ इतका गुळगुळीत की सिग्नलला पाय टेकला की सरकतो. मी गमबूट घालतो, आखूड, पिंडरीच्या निम्म्यापर्यंतचे. घ्यायच्या आधी गाडीवर बसून बघा, पुढचा भाग जाड असेल तर गिअरखाली पाय जात नाही आणि मागच्या ब्रेकचा अंदाज येत नाही. पँट गमबुटाच्या बाहेरून. आत खोचलीत तर मांडीवरचं सगळं पाणी बुटात जमा होतं. ऑफिसचे बूट बॅगेत. चपला किंवा सँडल घालून भिजायचं आणि पोचल्यावर पाय पुसायचे, हाही एक पंथ आहे. आमच्याकडे पुष्कळ लोक तेच करतात. पण पाऊल उघडं ठेवून हायवेला जाणं मला जमत नाही.

हातमोजे: खरोखर पाणी न येणारे रायडिंग ग्लोव्हज महाग असतात, आणि असले तरी मनगटातून पाणी आत घुसतं. जॅकेटची बाही मोज्याच्या वरून घ्या. हात हँडलवर खाली झुकलेला असतो, पाणी बाहीवरून बोटांकडे ओघळतं. मोजा बाहीच्या वर घेतलात तर ते सरळ पंजात उतरेल. स्वस्तात काम भागवायचं तर नेहमीच्या मोज्यांच्या आत दवाखान्यातले निळे नायट्रिलचे मोजे. बोटं घामेजतात, पण गार पडत नाहीत.

करूळचा_पोरगा
@औषधवाला तुमच्याकडं फुकट मिळत असतील की ओ ते मोजं!

औषधवाला
सॅम्पल म्हणून औषधं मिळतात, मोजे मिळत नाहीत हो :)

जुनी_बुलेट
आत काय घालायचं ते पण बघा. जीन्स नको. सुती फुल शर्टाची बाही रेनकोटच्या बाहेर अर्धा इंच डोकावली तरी पुरे, दिव्याच्या वातीसारखं पाणी वर चढत कोपरापर्यंत येतं. कॉलरचंही तेच. बाह्या दुमडा, कॉलर आत.

मानेचा भाग महत्त्वाचा. हेल्मेटच्या मागून पागोळी सरळ मानेवर पडते. ज्या जॅकेटची टोपी पातळ असते ती हेल्मेटच्या आत घालता येते, तशी घ्या. जाड टोपी हेल्मेटवरून ओढलीत तर वाऱ्याने फुगते आणि मान वळवली की बाजूचं दिसत नाही. टोपी काढून ठेवता येत असेल तर चेनच्या जोडावर टेप आहे का बघा, नाहीतर तिथूनच गळतं.

चश्मेबहाद्दर
धागाकर्त्याने चश्मा आहे म्हटलंय, आणि सगळे बुडाखालचं पाणी मोजताहेत! मी मागच्या पावसात सगळ्यात जास्त घाबरलो ते ओलं झाल्यामुळे नाही, न दिसल्यामुळे. रात्रीचा कात्रज बोगदा ते नवले पूल उतार, समोरून हेडलाइट, हेल्मेटच्या काचेवर थेंब, आतून धुकं, चश्म्यावर वेगळं धुकं.

नऊवारी_ते_नव्वद
यावर खात्रीचा उपाय पिनलॉक. हेल्मेटच्या काचेच्या आत दुसरी पातळ काच बसते, दोन्हींमध्ये हवेचा बंद थर राहतो, त्यामुळे आतली बाजू गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. पण त्यासाठी काचेत दोन खुंट्या लागतात, सगळ्या हेल्मेटना त्या नसतात. नवीन हेल्मेट घेणार असाल तर आयएसआय खुणेबरोबर हेही विचारा. चश्म्यावरच्या धुक्यावर मात्र पिनलॉकचा उपयोग नाही, त्याला हनुवटीचा झरोका उघडा ठेवणं आणि श्वास खाली सोडणं एवढंच.

खुंट्या नसतील तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळायचा आणि कोरड्या मऊ कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसायचा. दोन-तीन दिवस चालतं. धुवायचा नाही. काळी किंवा इंद्रधनुषी काच पावसात अजिबात नको. आणि ओरखडे पडलेली काच दर जूनमध्ये बदला. दिवसा न दिसणारे ओरखडे रात्री समोरच्या लाइटमध्ये प्रत्येकी एक सूर्य होतात. रेनकोटच्या बजेटमधून आधी तीनशे-चारशे रुपये तिकडे काढा.

कापडचोपड
हा प्रतिसाद सगळ्यात वर पिन करायला हवा.

वाडीतले_खोत
तरुण मंडळींचं वाचतोय. गोअर-टेक्स वगैरे ठीक आहे, आमच्या लहानपणी लावणीला इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानं शाकारलेली, डोक्यावरून पाठीवर कमरेच्या खालपर्यंत. वाकून लावणी करताना पाठ कोरडी, पुढून सगळं मोकळं. घाम म्हणून नाही. तुमचे कापडशास्त्री हवा भोकातून जाऊ द्या म्हणतात ते आमच्या बायकांना ठाऊक होतं. गुराख्यांकडे घोंगडीची खोळ. ती भिजली तरी ऊब देते, पण वजन विचारू नका.

जुनी_बुलेट
खोतकाका, इरलं घालून बुलेट चालवली तर ताम्हिणीतून थेट माणगावला उतरू, रस्ता न वापरता.

वाडीतले_खोत
प्रयत्न करा आणि इथे लिहा. आम्ही वाचू.

मुठाकाठ
रंगाचं राहिलं. काळा घेऊ नका. दुकानात ऐंशी टक्के माल काळा-निळा असतो कारण चिखल दिसत नाही. पण वरून सूट घातला की जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या सगळ्या झाकल्या जातात. ट्रकवाल्याचा वायपर अर्धवट चालतोय, खाली करडा रस्ता, वर करडं आभाळ, त्यात तुम्ही काळे. पिवळा किंवा भगवा घ्या, पाठीवर आणि दंडावर पट्टी असलेला. ऑफिसात कुणी “महापालिकेतून आलात का” विचारतं, विचारू द्या.

लॅपटॉपसाठी: बॅगेला नुसतं रेन कव्हर पुरत नाही. ते पुढची बाजू झाकतं, पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेलं पाणी तिथून झिरपतं. आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड गुंडाळून बंद. शिवाय पट्टे खांद्याच्या शिवणीवर सतत दाब देतात, तिथली टेप सगळ्यात आधी जाते. टाकीवर किंवा मागच्या सीटवर बांधता आली तर पाठीवर घेऊच नका.

रोजचा_वारकरी
घेतला! शनिवारी नाना पेठेत फिरलो. टू-पीस, देशी कंपनीचा, पँटवर १०,००० लिहिलेलं, जांघेत शिवण नाही, घोट्यापाशी चेन आहे म्हणून बूट न काढता चढते. रंग पिवळा. जॅकेटच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. दुकानदाराच्या बाईकवर बसून गुडघे वाकवून बघितलं, तो म्हणाला “साहेब, रेनकोट घेताय की गाडी?” सगळे मिळून बजेटच्या आत बसलं, उरलेल्यात हेल्मेटची नवीन काच आणि आखूड गमबूट. बादलीची परीक्षा पास.

दोन शंका. वाळवायचा कसा? आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये ओला सूट ठेवू कुठे? डिकी नाही.

कापडचोपड
उन्हात नको, सावलीत, रुंद हँगरवर, आधी आतली बाजू बाहेर करून. ओला घडी घालून पिशवीत कोंबला की आतल्या पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या थराला पाणी आणि ऊब दोन्ही मिळतात. तो हळूहळू चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. दिवाळीत गुंडाळून माळ्यावर टाकलेला सूट जूनमध्ये काढल्यावर आतून सोलतो, त्याचं कारण हेच. मशीनमध्ये नको, इस्त्री तर नकोच. चिखल गार पाण्याने, लागलाच तर सौम्य साबण, कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावण मुळीच नाही. पीव्हीसीवाला असता तर घडीत टाल्कम पावडर टाक म्हटलं असतं, तुझ्याला गरज नाही.

औषधवाला
ऑफिससाठी: जाळीची भाजीची मोठी पिशवी घे. पाणी निथळतं, हवा खेळते. सिक्युरिटीवाल्या मामांशी ओळख वाढव, त्यांच्या केबिनमागे दोरी असतेच. पहिल्या पावसाआधी वडापाव, नंतर नाही.

नऊवारी_ते_नव्वद
आणि पाऊस आल्यावर पुलाखाली थांबून घालायची सवय लावू नका. वाकडच्या पुलाखाली अर्धा रस्ता बाईकवाल्यांनी अडवलेला असतो आणि मागून येणाऱ्या बसला काही दिसत नसतं. आभाळ भरलेलं असेल तर निघतानाच चढवायचा. उकडतं, पण काखेची चेन त्यासाठीच दिलीय.

रोजचा_वारकरी
मामांचं लक्षात ठेवतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चिपळूणला जाणं आहे. ताम्हिणी–माणगाव–महाड करून जाऊ की सातारा–पाटण–कुंभार्ली?

करूळचा_पोरगा
कुंभार्लीनं जा. उंब्रजपर्यंत हायवे हाय, नंतर पाटणला चहा घे आणि पाऊस असू दे नसू दे, पँट तिथंच चढव. हेळवाकच्या पुढं धुकं लागलं की गाडी बाजूला घेऊन एका पायावर उभं राहायला जागा न्हाई गावत. दरडीची बातमी मात्र निघायच्या दिवशी सकाळी बघ, आदल्या रात्रीची नको.